पडदा उजळेपर्यंत

दादाने पान्ह्याचा दुसरा तडाखा वेल्डरच्या गुडघ्यावर हाणला, तेव्हा धाकटीचं बोट भलत्याच बटणावर पडलं आणि संगणकाला द्यायची अख्खी कमांड पुन्हा टाइप करायची वेळ आली.

काल दुपारी गॅरेजमध्ये कुणीतरी बाबांचं डोकं फोडलं होतं. ते दवाखान्यात बेशुद्ध पडून होते. गॅरेजातल्या या वेल्डरचं आदल्याच दिवशी त्यांच्याशी वाजलं होतं, दादाला तेवढं पुरलं. त्याने वेल्डरला खांबाला बांधलं आणि कुणी पोलिसांना कळवू नये म्हणून सगळ्यांचे फोन भिंतीवर आपटून फोडले. आता गॅरेजमध्ये बसवलेल्या कॅमेऱ्याचं चित्रण बघायचं तर तिथल्या जुन्या लिनक्स संगणकावरच. तो धाकटीने बसवलेला. म्हाताऱ्या यंत्रावर भार नको म्हणून तिने त्यात खिडक्या, चित्रं काही घातलंच नव्हतं; काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. चित्र दाखवणारी सगळी यंत्रणा आता मुळापासून चढवायची होती.

एकेक प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या इतर प्रोग्रॅमांचा अख्खा गोतावळा घेऊन इंटरनेटवरून उतरत होता. वेल्डरच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं. आई पट्टी बांधलेला हात पोटाशी धरून दारात उभी होती. ते बंद कर, असं तिने दोनदा सांगून पाहिलं. दादाने ढुंकूनही पाहिलं नाही.

संगणक पुन्हा सुरू झाला, पडदा काळाच. चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला तिने चुकीचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, लावला होता. पान्हा पुन्हा खाली आला आणि वेल्डरच्या हाताचं हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक तिची होती आणि मोडत तो होता.

"आणखी एकदा काळा राहिला तर याचं डोकं," दादा म्हणाला.

तिने दुसरा ड्रायव्हर घातला. करड्या पडद्यावर माऊसचा बाण उमटला. तिने कालची दुपार उघडली.

बाबा पट्टा उगारून चालून येतात. आई मनगटावर वार झेलत टेबलापर्यंत मागे सरते. तिथला हातोडा तिच्या हाती लागतो.

हातोडा वर गेला, तिथेच धाकटीने चित्र थांबवलं. पडद्याची पाठ दादाकडे होती.

"हाच ना?" दादाने विचारलं.

ती थांबलेल्या चित्राकडेच बघत राहिली. दादाने त्याचा सोयीचा अर्थ लावला आणि पान्हा वेल्डरच्या डोक्यावर उगारला.

आई पुढे आली. धाकटीचा हात बाजूला सारून तिने पडदा दादाकडे वळवला आणि पट्टीच्या हातानेच खांबाचा दोर सोडू लागली.

"आधी याला सोडवू दे," ती म्हणाली. "मग मला मार."