अकरा नंबरच्या खोलीची चौकशी

पंडित पाटलाने पोरीशी अबोला धरला त्याला अडीच महिने होऊन गेले होते, आणि खरं सांगायचं तर त्याला आता त्यात गोडी वाटायला लागली होती. परमुलखातल्या, कापडाच्या कारखान्यांनी भरलेल्या बमरोलीत, एवढ्याशा खोलीत, हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाशी न बोलता राहायचं म्हणजे खायचं काम नाही. पण पंडितने ते जमवलं. जेवताना मीठ हवं असलं की बायकोला म्हणायचा, "तिला सांग, मीठ दे." जयश्री मीठ पुढे सरकवायची, हा घ्यायचा आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसायचा. मधल्यामध्ये शोभाबाईचे निरोप पोचवून पोचवून हाल. पण तिला कोण विचारतो!

जयश्री कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मागच्या उन्हाळ्यात एका बड्या परदेशी इन्व्हेस्टमेंट बँकेच्या पुण्याच्या ऑफिसात तिने दहा आठवडे इंटर्नशिप केली. पासबुक भरून देणारी बँक नव्हे ही. मोठमोठ्या कंपन्यांचे सौदे करणारी बँक, आणि तिच्या पोटात कॉम्प्युटरवाल्यांची फौज. दहा आठवडे पोरगी मान मोडून राबली. शेवटी तिथल्यांनी सांगितलं, डिग्री पूर्ण कर आणि जुलैत ये, दोन वर्षांच्या ग्रॅज्युएट प्रोग्रॅममध्ये तुझी जागा धरली. पगार ऐकून खोल्यांच्या लाइनीतल्या लोकांनी दोन दिवस पंडितला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

ही बातमी जवळच्या कडोदऱ्याला लोटूअण्णांच्या कानावर गेली. लोटूअण्णा आपल्याच समाजाचे, शिरपूरकडचे, पण आता चोवीस लूमचे, कापड विणणाऱ्या मागांचे, मालक. त्यांचा कुंदन बी.कॉम.ला दोनदा आपटलेला. शोभाबाईचा भाऊ सुकदेव स्थळ घेऊन आला, आणि तीस वर्षं दुसऱ्याच्या लूमवर उभं राहिलेल्या पंडितचे पाय जमिनीला लागेनात. लूममालकाचा व्याही! जयश्री म्हणाली, "दोन वर्षं लग्न नाही. आणि कुंदनशी तर कधीच नाही." सुकदेवच्या देखत म्हणाली. झालं, त्या दिवसापासून पंडितच्या तोंडाला कुलूप.

आता त्या लाइनीचा एक रिवाज सांगायला हवा. दोन वर्षांपूर्वी हातात फाइल घेतलेला एक गोड बोलणारा माणूस आला होता. कोणाच्या खोलीत किती माणसं राहतात ते त्याने लिहून नेलं, चहा पिऊन गेला. महिन्याभरात घरमालकाने सात कुटुंबांना सामानासकट बाहेर काढलं. तेव्हापासून सगळ्यांनी मिळून ठरवलं, फाइलवाला आला आणि कोणाचंही नाव घेऊन विचारायला लागला की एकच उत्तर: असं कोणी इथे राहत नाही. सख्ख्या भावाचं नाव घेतलं तरी तेच. हे ठरवण्यात पुढाकार पंडितचा, आणि त्याची शेखी तो अजून मिरवायचा.

सोमवारी अकराच्या सुमारास रातपाळी करून पंडित झोपला होता. शोभाबाई बाजारात, जयश्री कॉलेजात. दार वाजलं. लुंगी सावरत पंडित उठला. दारात फाइल घेतलेला माणूस.

"जयश्री पंडित पाटील यहीं रहती है?"

"क्यों? क्या काम है?"

"व्हेरिफिकेशन है, काका. कंपनी का नाम हम बता नहीं सकते."

नाव सांगता येत नाही म्हणे! पंडितची झोप खाडकन उडाली. "इधर कोई जयश्री नहीं रहती," तो म्हणाला. इथवर रिवाज होता. इथे थांबला असता तर त्याला मी भोळा म्हटलं असतं. पण पोरीचं नाव कानावर पडल्याबरोबर अडीच महिन्यांची मळमळ वर आली, आणि हा बाप पुढे म्हणाला, "थी एक. भाग गई किसी के साथ."

माणसाने लिहून घेतलं. दाराचा फोटो काढला. शेजारच्या मंदाला विचारलं. मंदाने आधी पंडितकडे पाहिलं, त्याने डोळा बारीक केला, तशी ती म्हणाली, "हां, भाग गई." संध्याकाळी नळावर पंडितने सगळ्यांना रंगवून सांगितलं, फाइलवाल्याला कसा वाटेला लावला ते. लोक हसले. कोणीतरी टाळीसुद्धा दिली.

बँकेकडून चौकशीला माणूस येणार, हे जयश्रीने आठ दिवस आधीच आईला सांगितलं होतं. आणि वर म्हणाली होती, "पप्पांना सांगून ठेव." शोभाबाई विसरली. दिवसाला वीस निरोप इकडून तिकडे करणाऱ्या बाईच्या हातून एक सुटला. चूक म्हणाल तर एवढीच.

बुधवारी मेल आला. जयश्रीने तो आईला मराठीत करून वाचून दाखवला, आणि पंडित भिंतीकडे तोंड करून ऐकत होता. दिलेल्या पत्त्यावर उमेदवार राहत नाही. उमेदवार कोणाबरोबर तरी पळून गेल्याचं तिथल्या पुरुषाने सांगितलं, शेजाऱ्यांनी दुजोरा दिला. सोबत फोटो: अकरा नंबरचं दार, लुंगी आणि अर्धी मिशी. हे खरं नसेल तर ज्याने सांगितलं त्याने आपलं बोलणं खोटं होतं असं सहीनिशी लिहून द्यावं. तो कागद आणि आधारकार्ड हातात धरलेला त्याचा फोटो शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत पोर्टलवर चढवावा. नाहीतर नेमणूक रद्द.

"आई, कॉलेजचा नियम माहिती आहे ना? एक ऑफर घेतली की दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीला बसू देत नाहीत. सगळ्या कंपन्या येऊन गेल्या. हे गेलं तर माझ्या हातात काही नाही."

क्षणभर, देवाशपथ सांगतो, क्षणभर पंडितने मान तिरकी करून मोबाइलकडे पाहिलं. फोटोतली ती लुंगी त्याला बघवेना. त्याच क्षणी वळून "चुकलो गं" म्हणाला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्याच्या लक्षात आलं की पोरीचा जीव आपल्या सहीत अडकलाय. अडीच महिन्यांत पहिल्यांदा ती आपल्याकडे मागतेय. ही संधी कोण सोडतो?

"तिला सांग," तो बायकोला म्हणाला, "सही करतो. रविवारी लोटूअण्णांना सुपारी फोडायला बोलावतो. हसऱ्या तोंडाने बसायचं."

"अहो, असं काय करता? पोर आहे ती आपली!"

"तिला सांग."

जयश्रीने मेलमधली शनिवारची वेळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, "आई, हो म्हणावं."

गुरुवारी सकाळी तिने कागद लिहून दिला. पंडितने सही ठोकली, कागदाची घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि वरून बटण लावलं.

"फोटो?" शोभाबाईने विचारलं.

"रविवारी. सुपारी फुटली की."

"शनिवारी सहाला बंद होतंय ना ते!"

पंडित हसला. "तीस वर्षं कारखान्यात काढली मी. सेठ शनिवार म्हणाला की मंगळवार धरायचा. हाफिसवाले असेच घाबरवतात. दोन दिवस इकडेतिकडे चालतात."

विश्वास नव्हता त्याचा पोरीवर. कागद हातात पडला की ही फिरेल, हा त्याचा हिशेब, कारण तिच्या जागी तो असता तर फिरला असता. जयश्रीने बँकेला दोन दिवसांची मुदत मागितली. आपोआप येणारं उत्तर आलं: आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. हेल्पलाइनवरची बाई गोड आवाजात म्हणाली, जे काय असेल ते पोर्टलवर.

शनिवारी साडेपाचला पंडित कामावर जायला सदरा घालत होता. जयश्री त्याच्यापुढे येऊन उभी राहिली, मोबाइलचा कॅमेरा उघडून. निरोप नाही, काही नाही. सरळ त्याच्याशी बोलली.

"पप्पा, मी बसते सुपारीला. आईच्या गळ्याची शपथ घेते. कुंदनशी लग्न करते. आत्ता फक्त एक फोटो काढू द्या. एक मिनिट लागेल."

शोभाबाई चुलीपासून उठून हात जोडून उभी राहिली, नवऱ्यापुढे. पंडितने दोघींकडे बघितलं. त्याला बरं वाटलं हो! लाज वाटते सांगायला, पण त्याला बरं वाटलं. त्याने खिशाचं बटण चाचपून पाहिलं.

"तिला सांग, चहा टाक," तो म्हणाला.

जयश्रीने चहा टाकला. त्याने सावकाश प्यायला, बशीत ओतून, फुंकर मारत. सहाला दहा कमी असताना चपला घालून निघून गेला.

रविवारी लोटूअण्णा दोन गाड्या भरून माणसं घेऊन आले. खोलीत मावेनात, निम्मे गॅलरीत. जयश्री नवी साडी नेसून पाटावर बसली, आणि दिल्या शब्दाप्रमाणे हसली. सुपारी फुटली. लोटूअण्णा मोठ्याने म्हणाले, "आमची सून बँकेत! कडोदऱ्यात आहे का कोणाची?" पंडितची छाती फुगली. सगळ्यांच्या देखत त्याने बटण काढलं, कागद पोरीपुढे धरला, आणि अडीच महिन्यांनी पहिल्यांदा तिच्याशी बोलला.

"घे, पोरी. काढ फोटो. दे पाठवून."

"कुठे पाठवू? काल सहाला बंद झालं. सव्वासहाला मेल आला, नेमणूक रद्द."

"असं कसं? सायबाला फोन लाव, मी बोलतो."

"साहेब नाहीये तिथे कोणी, पप्पा."

"काय रद्द?" लोटूअण्णांनी विचारलं.

"काही नाही, किरकोळ कागद आहे," पंडित म्हणाला. पण जयश्रीने मोबाइल उघडला आणि सोमवारपासूनचं सगळं वाचून दाखवलं. चौकशीचा माणूस, दार, लुंगी. एक शब्द गाळला नाही. पळून गेल्याचं वडिलांनी स्वतः सांगितलं, हे तर दोनदा वाचलं. आपला बाप कसा आहे ते चारचौघांत कळावं, एवढंच तिच्या मनात होतं. लोकांना तिच्याबद्दलच कळलं.

लोटूअण्णा उठले. "पाटील, नोकरी गेली ते सोडा. पळून गेलेली पोरगी आमच्या पदरात घालत होता?"

"नाही हो! खोटं बोललो मी. फाइलवाला होता म्हणून बोललो!"

"बाप पोटच्या पोरीबद्दल असं उगाच बोलतो का? काहीतरी असल्याशिवाय?"

"हे बघा, लिहून दिलंय मी. सही आहे." पंडितने तो कागद त्यांच्यापुढे धरला.

लोटूअण्णांनी कागद वाचला, घडी घालून परत दिला. "हे नोकरीसाठी लिहिलंय. आधी तोंडातून निघालं ते खरं."

सुकदेव मध्ये पडायला गेला, त्याला कोणी विचारलं नाही. लोटूअण्णांची बायको गॅलरीतून जाताना मंदापाशी थांबली. "बाई, तुम्ही शेजारी. तुम्ही तरी सांगा, पोरगी कुठे गेली होती का?"

मंदाने पंडितकडे बघितलं. काय बोलायचं ते विचारत होती बिचारी. पंडितने जोरजोराने मान हलवली, नाही, नाही. पण त्या मानेतून काय समजायचं ते मंदाला उमगेना. "मला काही माहिती नाही, ताई," ती म्हणाली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

लोटूअण्णांच्या बायकोला तेवढं पुरलं. गाड्या निघाल्या. दुपारपर्यंत ही बातमी कडोदऱ्याला पोचली, रात्रीच्या आत शिरपूरला. पंडित आठवडाभर भेटेल त्याला थांबवून सांगत राहिला की आपण खोटं बोललो होतो, आणि लोक समजुतीने मान डोलवायचे, कारण पोरीची बाजू झाकणारा बाप त्यांनी आधीही पाहिला होता.