नर्मदेचा गोटा

भूगर्भखात्याच्या कामावरून परतताना श्यामसुंदरने नर्मदाकाठचं एक हाड आणलं. हजारो वर्षांपूर्वीच्या हत्तीचं, पार दगड झालेलं. त्याची बायको मृणालिनी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिला याहून मोठा दागिना नको होता. पण अंधेरीच्या त्या घरात सासूबाईंचं सोवळं कडक. हाड म्हटलं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. तिने आपलं ठोकून दिलं, "आई, नर्मदेचा गोटा आहे हो," आणि तो खिडकीत ठेवला.

इतक्या जुन्या हाडात प्रथिनांचा अंश टिकतो का, हा तिचा ध्यास. एके दिवशी तिने हाड कॉलेजात नेलं, वरचा थर खरवडला, आम्लात उकळला, त्याचा थेंब गाळणकागदावर चढवला आणि औषध फवारून कागद गरम केला. जांभळे डाग उमटले! अंश टिकला होता तर. तिचे विभागप्रमुख सर खूश झाले. परिषदेत निबंध तिच्या नावाने वाचायचं ठरलं. आजवर तिची सगळी मेहनत सरांच्या नावावर खपली होती, त्यामुळे स्वारी हवेतच घरी आली.

तिने पेढा हातावर ठेवला तशा सासूबाई म्हणाल्या, "यश येणारच गं. दर सोमवारी पंचामृताने न्हाऊ घालत होते त्याला."

"कुणाला?"

"तुझ्या गोट्याला. नर्मदेचा म्हणजे शंकरच ना तो!"

मृणालिनीने पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. दुधादह्यात प्रथिनंच प्रथिनं. डाग हत्तीचे नव्हतेच, गवळ्याच्या म्हशीचे होते. तिने खरं काय ते सांगून टाकलं. सासूबाईंनी डोक्यावरून अंघोळ केली, देव्हारा धुतला आणि सुनेशी बोलणं टाकलं. हाडापेक्षा तिचं खोटंच त्यांना जास्त लागलं होतं.

गप्प बसली असती तर सरांना पत्ताही लागला नसता. तिने मात्र त्यांना सगळं सांगितलं, हाड मधोमध कापलं आणि दूध पोचणार नाही असा आतला गाभा तपासला. पुन्हा पुन्हा तपासला. कागद कोराच राहिला. परिषदेतून तिचं नाव गेलं.

संध्याकाळी तिचा उतरलेला चेहरा पाहून सासूबाईंनीच अबोला सोडला. "काय निघालं गं?"

"काही नाही, आई. हाडाचं असं काहीच उरलेलं नाही त्यात. नुसता दगड आहे."

सासूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "म्हणजे तू माझ्याशी खोटं बोललीच नव्हतीस. आण इकडे."