हौसाबाईला एकटीला पेलेल अशी फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. नुसती फळी म्हणून पुढे जाऊ नका. मी आतून पोकळ आहे, आणि मला हलकी करण्यात एका माणसाची चार वर्षं गेली. कोलशेतला एका घराच्या माळ्यावर मी पडून आहे. अंगावर चिंचा वाळत घातल्या आहेत. खाडीला भरती लागली की वारा ओला होतो. तो वास आला की माझे सांधे ताणतात, आणि मग मी पुन्हा तशीच पडून राहते.

मला घडवणारा धाकू होड्या बांधायचा. ठाण्याला आगगाडी येऊन बरीच वर्षं झाली होती, पण खाडीकाठचा माणूस अजून होडीनेच व्याह्याकडे जायचा. धाकू आणि त्याची बायको हौसाबाई यांची एकुलती लेक सगुणा खाडीपलीकडे दिली होती. लग्नाचं वऱ्हाड धाकूनेच बांधलेल्या नव्या होडीतून आलं, आणि होडीत घोटाभर पाणी चढलं. नवरदेवासकट सगळ्यांची धोतरं भिजली. सगुणाचा सासरा राघो स्वतः उतारूंची होडी चालवणारा. तो कसा गप्प बसेल? भर मांडवात म्हणाला, "व्याही, सून बरी दिलीत. होडी मात्र गाळणी दिलीत!"

मांडव हसला. धाकू हसला नाही. राघोच्या होडीत आपल्या घरातल्या कुणी पाय ठेवायचा नाही, असं त्याने सांगून टाकलं. राघोही काही कमी नव्हता. "बाप स्वतः न्यायला येईल, तेव्हाच लेक माहेरी जाईल," असा त्याचा उलट निरोप आला. दोघांचाही मान शाबूत राहिला. हौसाबाईचा मात्र जीव अर्धा पलीकडे राहिला.

"त्यांच्या होडीत नाय बसत मी," ती नवऱ्याला म्हणाली. "मग तुमीच मना कायतरी करून द्या. माझी मी जाईन."

धाकूने वर बसून वल्हवत जायला सागाची जाड फळी समोर टाकली. ओहोटीला पाण्यापर्यंत नुसता चिखल. गाव मिठागरावर कामाला गेलेलं, होडी ढकलायला कुणी नाही. फळी डोक्यावर घेऊन बाईला एकटीलाच जायचं होतं. हौसाबाईने एक टोक उचललं आणि खाली ठेवलं. "ही फळी हाय का देवळाची पायरी?"

तेव्हा माझा जन्म झाला. मोहने गावच्या बांधावरचा पांगाऱ्याचा ओंडका उल्हास नदीच्या पाण्यातून, कल्याणवरून तरंगत आला. पांगारा मऊ आणि हलका. धाकूने त्याच्या दोन पातळ फळ्या काढल्या, मध्ये आडव्या पट्ट्या बसवल्या, आणि त्या पट्ट्यांनाही भोकं पाडली. भोकांनी पट्टीचं वजन जातं, जोर जात नाही. सांध्यांत कापूस आणि राळ भरली. उन्हात आतली हवा फुगून सांधे उकलू नयेत म्हणून एक बारीक छिद्र ठेवलं आणि त्याला लाकडी बूच दिलं. मग मात्र त्याच्यातला कारागीर जागा झाला, आणि त्याने माझ्या कडेला पितळी फुल्या ठोकल्या.

हौसाबाईने मला डोक्यावर घेऊन पाहिलं. "शोभा कशाला? ती पण मीच उचलायची का?"

फुल्या निघाल्या. शेजारची गोदूबाई दारातून ओरडली, "हौसे, धाकूनं घराचं दार काढून दिलंन का गं तुला?" "हो," हौसाबाई म्हणाली, "दुसरं दार उघडंना, म्हणून!"

मित्रांनो, काय सांगू ते दिवस! गुडघ्यांवर बसून ती आखूड वल्हं मारायची आणि मी पाण्यावर पानासारखी जायचे. पलीकडच्या बांधावर सगुणा उभी असायची. पहिलं नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही अशी रीत, म्हणून हौसाबाई बांधावरच बसायची आणि तहानलेलीच परतायची. वजनाचा हिशेब माझ्याइतका कुणाला कळणार? जाताना गाठोडं जड असायचं, येताना बाई जड असायची.

वर्षं गेली तशी हौसाबाईची मान दुखू लागली. तिने कुरकुर केली की धाकू मला उलटी करायचा, रंधा घ्यायचा आणि आणखी पातळ करायचा. बायकोवर त्याची माया होती, यात शंका नाही. पण स्वतः खाडी ओलांडण्यापेक्षा मला हलकी करणं त्याला सोपं वाटायचं.

मग सगुणाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. हौसाबाई पलीकडून आली आणि मला अंगणात टेकवून म्हणाली, "सातवा लागला. पोर वाट बघते. न्यायला तुमीच जायचं हाय."

 धाकूने मला ओढून घेतलं आणि रंधा चालवला. माझ्या अंगात तासण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे मला कळत होतं. त्यालाही कळत असावं. तरी तो तासत राहिला, आणि रंध्याचं पातं आरपार गेलं. माझ्या मधोमध तळहाताएवढं भोक पडलं.

हौसाबाई वाकून त्या भोकातून बघत म्हणाली, "लाकूड संपलं, सगुणाच्या बापा. आता तुमचा राग जरा तासा."

धाकूने मांडीवरचा भुसा झटकला. मग उठला, पागोटं बांधलं आणि राघोच्या होडीत जाऊन बसला. राघो म्हणे एवढंच बोलला, "बसा व्याही. बूड भिजणार नाय." धाकूने ते गिळलं. संध्याकाळी परत आला तेव्हा सगुणा त्याचा खांदा धरून चिखलातून एकेक पाऊल टाकत होती. हौसाबाई उंबऱ्यातच रडत बसली.

मी त्या दिवसानंतर पाण्यात गेले नाही. आता हौसाबाईला राघोची होडी मोकळी होती, आणि नातू झाल्यावर त्याच्या घरचं पाणीही मोकळं झालं. मला माळ्यावर चढवताना तिने एकदा हात फिरवला. सगळ्यांचं भलं झालं. त्यात माझी गरज संपली, एवढंच. तक्रार नाही. पण खाडी आठवते.

मित्रांनो, कधी माळ्यावर चढलात तर चिंचा बाजूला करा आणि माझ्या भोकाला ठिगळ लावा. हलक्या लाकडाचं नका शोधू, जाड लावलंत तरी चालेल. मला पाण्यावर नेताना फक्त एकट्याने उचलू नका, दोघं या.