ओठाला चिकटणारं हाड

मारुतीच्या पारापासून शाळेच्या फाटकापर्यंत माणसंच माणसं. आदिनाथ महाराजांनी हातातला करडा तुकडा वीरभद्रअप्पांच्या खालच्या ओठाला टेकवला आणि हात काढला. तुकडा तसाच लटकत राहिला.

"राक्षसाचं हाड हाय हे. खऱ्याला धरतं, खोट्याला सोडतं," महाराज म्हणाले. बायांनी हात जोडले.

मग सुमनबाईंना पुढं केलं. साठीच्या सुमनबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवतात. अप्पांच्या घरच्या लग्नात त्या कामाला गेल्या होत्या आणि त्याच दिवशी तिथली बोरमाळ हरवली. एवढ्यावरच त्यांच्यावर संशय होता. तुकडा त्यांच्या ओठाला लागला आणि टपकन खाली पडला. संध्याकाळी मला गावकऱ्यांचा निरोप आला, की चोरटीच्या हातचं आमची पोरं खाणार नाहीत, तिला काढा.

मी त्या शाळेची मुख्याध्यापिका, शिवगंगा. मी कळवलं, पुरावा आणा, मग बघू.

हाड खरं होतं. मांजरा नदीच्या वाळूत ते सापडलं होतं आणि महाराजांनी त्याचा तुकडा उचलला होता. पण माझ्या पोरांना असल्या हाडांचं नवल नव्हतं. दर शनिवारी आम्ही नदीकाठी हाडं गोळा करतो. शेळीचा जबडा, म्हशीचा दात, कासवाच्या पाठीचे तुकडे, असं खोकंभर जमलंय. दगड की जुनं हाड, हे ओळखायची एक रीत मीच त्यांना शिकवली होती. तुकडा धुऊन वाळवायचा आणि ओल्या ओठाला लावायचा. हाडात बारीक छिद्रं असतात, ती ओल शोषतात, म्हणून ते चिकटतं. गुळगुळीत दगड चिकटत नाही.

कलीम टेलरची अर्शी सहावीत शिकते. ती पारावर अगदी पुढं बसली होती. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडं आली.

"बाई, अप्पांना लावली ती बाजू खरबरीत होती. सुमनआजीला लावली ती चकाकत होती."

आम्ही खोक्यातलं एक हाड घेतलं आणि त्याच्या एका बाजूला मेणबत्ती घासली. ती बाजू काही केल्या चिकटेना.

मी सुमनबाईंच्या घरी गेले. वाटलं होतं, रडत असतील. त्या भाकरी थापत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला घेऊन चला पारावर. मी काय तोंड लपवून ऱ्हाणार न्हाई."

पारावर पुन्हा गर्दी जमली. मी महाराजांना म्हटलं, आज तुकडा तुमच्याच ओठाला लावा, चकाकती बाजू आत करून. अविश्वासी माणसासमोर हाड कोपतं, असं ते सांगू लागले. त्यांना मध्येच थांबवलं ते वीरभद्रअप्पांनी.

"लावा की महाराज. तुम्हाला कशाचं भ्या?"

महाराजांनी लावला. तुकडा पडला. मी तो उचलून त्या बाजूवर नख ओढलं, तसा मेणाचा पापुद्रा निघाला. अर्शीनं तो सगळ्यांपुढं फिरवला.

मग सुमनबाईंनी तुकडा मागून घेतला.

"मी सोळा वर्षांची हाय. अजून माझं लगीन झालं न्हाई," त्या ठणकावून म्हणाल्या. खरबरीत बाजू ओठाला लावली आणि दोन्ही हात सोडले. तुकडा लटकला. आधी एक म्हातारी हसली, मग सगळा पार हसला. गर्दीत त्यांची तीन नातवंडं उभी होती.

महाराजांवर आम्ही पोलिसांत तक्रार दिली. सुमनबाईंनी स्वतः अंगठा उठवला. हाडाचे फोटो लातूरच्या एका प्राध्यापकांना पाठवले. हजारो वर्षांपूर्वीच्या हत्तीचं असावं, असं त्यांनी कळवलं. राक्षसाचं मात्र नक्कीच नाही.

बोरमाळ अजून सापडलेली नाही. ती कुणी घेतली, मला माहीत नाही, आणि माहीत नसताना कुणाचं नाव घेणं मला जमणार नाही. तुम्हीही घेऊ नका. कुणी चमत्कार दाखवला, तर तो त्याच्या हातातून आपल्या हातात घ्या, उलटून बघा, नख ओढा. आणि कुण्या बाईला चोर म्हणायच्या आधी पुरावा मागा.