नावाआधीचा श्वास

"परत म्हण," सासू कुजबुजली.

"नियांग."

"नियांग माझी थोरली लेक होती. ओढ्यापलीकडं पुरलीय तिला. तिला आणायचीय का घरात?"

वुंगनं चुलीकडे बघितलं. तिथं तिची लेक ह्नियांग तापानं फणफणत होती. परवा ओढ्यात पडल्यापासून पोरीनं तोंडातून शब्द काढला नव्हता. दवाखान्याच्या गोळ्या झाल्या, चर्चमधल्या पाळकबाबांची प्रार्थना झाली. राहिला होता तो जुना उपाय. पोरीचा जीव ओढ्यावरच घुटमळत असणार, तर त्याला नावानं हाका मारत घरी आणायचं. करून बघायला काय जातं?

पण हाक चुकली, तर भलतंच कुणी मागे यायचं. बारा कोस कशाला, म्यानमारच्या या छिन डोंगरांत एक सोंड ओलांडली की भाषा बदलते. वुंग खालच्या गावची. तिकडे नुसता न. इकडे आधी नाकातून श्वास सोडायचा आणि मग न. इतकी वर्षं सासरी काढूनही तिला ते जमलं नव्हतं. गावातले हरवलेले जीव हाका मारून परत आणायचं काम सासूचं, पण हिवाळ्यात तिच्या अंगावरून वारं गेलं आणि आवाजच बसला.

"पोराला सांगितलं होतं, नाक बघून बायको कर," म्हातारी पुटपुटली.

वुंगनं लाकडांची टोपली रिकामी केली. "आत्याबाई, श्वास तुमचा, गळा माझा. बसा."

शेजारणीला पोरीजवळ बसवून, म्हातारीला टोपलीत पाठीवर घेऊन ती निघाली. टोपलीचा पट्टा कपाळात रुतत होता. काठावर पोचल्यावर म्हातारीनं तिच्या कानाशी श्वास सोडला आणि वुंगनं हाक दिली. लगेच मानेला चिमटा बसला.

"माझ्या श्वासाच्या पुढं धावू नकोस."

मग मात्र जमलं. मागे वळून न बघता, दोघी मिळून एकच नाव म्हणत घरापर्यंत आल्या.

दारात शेवटची हाक झाली. आत सामसूम. संपलं सगळं, असं वुंगला वाटलं. तेवढ्यात आतून पोरीचा बसका आवाज आला.

"आजी, तुझा आवाज परत आला?"

वुंग काही बोलणार, तोच म्हातारीनं तिचा खांदा दाबला.

"ओ दे," ती कानात म्हणाली. "माझ्याच आवाजात दे."

नावाआधी वुंगनं स्वतःच नाकातून श्वास सोडला.