बर्फाचा खण

सकाळी साडेसहाला वंदनाने भाकरीचा तवा उतरवला, हात पदराला पुसले आणि फ्रीज उघडला. वाटूरला सातच्या सुमारास लाईट जाई, ती दुपारी कधीतरी येई. औषध ऊन व्हायला नको म्हणून उंची वाढायच्या इंजेक्शनचा पेन तिने रोजच्यासारखा वरच्या बर्फाच्या खणात सरकवला. संध्याकाळी रानातून आली की तो खाली काढायचा, जेवणानंतर लेकीला द्यायचा. आज उजवी मांडी, उद्या डावी. दोन वर्षांत एका दिवसाचा खाडा नव्हता. चौदा वर्षांची अर्पिता आता स्वतःच सुई टोचून घेई. वर्गातल्या पोरी तिला ‘पावशेर’ म्हणत. “पावशेर हाय, पण भेसळ न्हाई,” असं तीही हसून ऐकवी. सारी भिस्त उंची मोजण्याच्या दिवसावर होती.

आज तोच दिवस होता.

जालन्याच्या दवाखान्यात बाकावर शेजारी मेहरुन्निसा बसली होती. तिच्या सहा वर्षांच्या सालेहाला आजपासून हेच इंजेक्शन सुरू होणार होतं. वंदनाने लगेच जाणतेपण घेतलं. “लाईटीचा भरोसा न्हाई बाई. बर्फाच्या खणात ठेवत जा. बिलकुल खराब होत न्हाई.”

“बराबर है, भाभी.”

डॉक्टरांनी अर्पिताच्या मनगटाचा एक्स-रे उजेडाकडे धरला. वर्षभरात वाढ जेमतेम दीड सेंटिमीटर. हाडांची टोकं मिटत आलेली. आता उपयोग नव्हता. इंजेक्शन बंद.

“माझं काही चुकलं का, साहेब?”

“काहींना लागू पडत नाही, ताई.”

वंदना कागदावर शिक्का घ्यायला खिडकीपाशी गेली. आत अर्पिताचं वजन लिहिता लिहिता सिस्टरने तिला सहज विचारलं, “घरी पेन कुठं ठेवत होता गं?”

“वर, बर्फात.”

सिस्टरचा हात थांबला. “गोठलं की ते औषध मरतं, पोरी. कुणी सांगितलं न्हाई? थांब, आईला बोलावते.”

“नका. मीच सांगते.”

अर्पिता बाहेर आली. रांगेत आईची पाठ दिसत होती. सांगून हाडं पुन्हा उघडणार नव्हती. आईला मात्र ते जन्मभर पुरलं असतं. ती बाकाकडे वळली.

“चाची, बर्फात नका ठेवू. खालच्या खणात ठेवा. लाईट गेली की फ्रीजचं दार उघडायचंच न्हाई. पाहिजे तर सिस्टरला विचारा.”

“पर तेरी अम्मी तो…”

“तिला नका बोलू.”

मेहरुन्निसाने सालेहाला मांडीवर ओढून घेतलं आणि होकाराची मान हलवली.

वंदना कागदाची घडी करत आली. “काय म्हणून राह्यली होती सिस्टर?”

“काही न्हाई. कुणाकुणाला लागूच पडत न्हाई म्हणे,” अर्पिता म्हणाली, आणि आईच्या हातातली पिशवी घेऊन पायऱ्या उतरू लागली.