दिवा दाखव, मुखरूभाऊ

जीपच्या मागे उभं राहून ‘लागला’ नाहीतर ‘नाई लागला’ असं ओरडायचं, एवढंच कांताचं काम होतं. काम सोपं होतं, नवऱ्याच्या मनासारखं ओरडणं तेवढं सोपं नव्हतं.

“लागला का?” पुढून मुखरूने ब्रेक दाबत विचारलं.

“नाई.”

“आता?”

“आता बी नाई.”

“नीट पाह्य ना वो! डोळे हायेत का गोट्या?”

“डोळेच हायेत. लाल दिसन तं लाल म्हणीन.”

जीप त्यांच्या लेकीपेक्षा, मयुरीपेक्षा, वयाने मोठी होती आणि मयुरी यंदाच बारावी झाली होती. रोवण्याच्या दिवसांत मुखरू गावातल्या बायांची टोळी जीपमध्ये भरून मूल तालुक्यातल्या गावांना धान रोवायला नेई आणि दिवस बुडायच्या आत परत आणी. मधला रस्ता जंगलाचा. उन्हाळ्यात मोह वेचणाऱ्या एका बाईला वाघाने नेलं, तेव्हापासून त्या रस्त्याने पायी जायचं नाव कोणी काढत नव्हतं. दारं नसलेली, ताडपत्री फाटलेली ती जीप बायांना किल्ल्यासारखी वाटे.

पण मागच्या आठवड्यात नाल्याच्या उतारावर गाय आडवी आली, मुखरूने ब्रेक मारला, आणि पाठीमागून येणारा खाणीचा टिप्पर मागच्या फळीवर बसलेल्या बायांच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर कसाबसा थांबला. त्या फळीवर मयुरीही होती. टिप्परवाला खाली उतरून आईमाईवर आला. “ब्रेकलाईट कुठी हाय तुझा? मले सपनात दिसन का तू थांबून राह्यला म्हणून?” टोळीची म्होरकी इंदुताई. तिने त्याच दिवशी निकाल दिला, “दिवा लागल्याबिगर एक बी बाई गाडीत बसणार नाई.”

म्हणून ही धडपड. मुखरूने बल्ब बदलला. फ्यूज काढून पाहिला, तो शाबूत होता. मागची अर्थिंगची तार गंजली होती, ती घासून लख्ख केली. तरी दिवा आपला लहरीचा. पाहता पाहता कांताच्या एक गोष्ट ध्यानात आली. पहिल्या दाबाला दिवा कधीच लागत नव्हता. मुखरूने चिडून दोनतीनदा दचादच पाय मारला, की मग लागे.

“हापसीवानी करून राह्यला,” ती म्हणाली. “शाळेजवळच्या हापसीचा वायसर गेला होता तवा असाच होये. पहिले दोन हात नुसती हवा.”

“दिव्यात का पाणी येते, येडे?” मुखरू हसला. कांतालाही हसू आलं. पण हापसी तिच्या डोक्यातून गेली नाही.

मूलहून विक्की मिस्त्री मोटारसायकलवर आला. ब्रेकच्या तेलाच्या नळीवर बसवलेला एक अंगठ्याएवढा स्विच त्याने दाखवला. पाय दाबला की तेलाचा जोर स्विचवर येतो आणि दिवा लागतो, असं त्याचं गणित. त्याने स्विचवरच्या दोन्ही तारा उपटून एकमेकींना लावल्या. मागे लख्ख लाल दिवा लागला.

“पाहा, भाऊ. तार चांगली, बल्ब चांगला. स्विच मेला.”

“अन् तेलच जोर नाई लावत असन तं?” कांताने विचारलं.

“काकू, तुमीच गॅरेज टाका आता. मी येतो नट धुवाले,” विक्की म्हणाला, आणि दोघे पुरुष मनापासून हसले.

एवढ्या जुन्या जीपचा स्विच मूलला मिळेना, चंद्रपूरलाही मिळेना. नागपूरहून यायला वेळ लागणार होता आणि रोवणा कोणासाठी थांबत नाही. तेव्हा विक्कीने घराच्या बेलचं एक पांढरं बटण स्टिअरिंगखाली बसवलं. ब्रेक मारता मारता बोटाने बटण दाबायचं, मागे दिवा लागतो. टिप्परवाल्याला तरी आणखी काय पाहिजे?

“बायांले सांगजो नको,” मुखरूने बजावलं. “काहीबाही समजतीन.”

कांताने कोणाला सांगितलं नाही. संसारात अशी पुष्कळ बटणं असतात, सगळीच कुठे बाहेर सांगतो आपण.

तेव्हापासून रोज सकाळी एक नेमच पडला. जीप तलावाच्या पाळीवर उभी असे, तोंड पाण्याकडच्या उताराकडे करून; खाली पाण्याच्या कडेने वाट वळून रस्त्याला लागे. स्टार्टर कमजोर होता, म्हणून चाकाखालचा दगड काढायचा, गाडी घरंगळू द्यायची आणि गिअर टाकून चालू करायची, ही तिची रोजची तऱ्हा. बाया डबे घेऊन जमत, पदर खोचून जीपच्या मागे उभ्या राहत, आणि इंदुताई म्हणे, “दिवा दाखव, मुखरूभाऊ.” लाल दिवा लागे. एखादी थट्टेने हात जोडी. मग सगळ्या निर्धास्त चढत. शेवटी मयुरी फळीवर बसून आईला हात करी. कांता हात वर करी आणि जीप झाडांत दिसेनाशी झाली तरी तो खाली घ्यायचं तिला सुचत नसे.

मुखरू आता ब्रेकचं तेल वरचेवर ओतू लागला. “जुनी गाडी हाय, पिते थोडं,” म्हणे. पिते, तर जाते कुठे, हे त्याने पाहिलं नाही. जेवताना त्याचा उजवा पाय पाटावर बसल्या बसल्या आपोआप दाबल्यासारखा हलत असे. कांता ते बघे आणि भात वाढी.

एका सकाळी, रात्रभर जीपखाली झोपलेलं कुत्रं अंगणात आलं. त्याची पाठ एका बाजूने ओली होती. पाऊस तर रात्री नव्हता. कांताने बोट लावून वास घेतला, ब्रेकच्या तेलाचा वास, आणि हातातला झाडू तिथेच टाकून ती पाळीकडे निघाली.

बाया चढल्या होत्या. दिवा दाखवून झाला होता.

“उतरा,” कांता म्हणाली. “समद्या उतरा. ब्रेक नाई हाय गाडीले.”

“काऊन वो बाई? आत्ताच तं दिवा पाह्यला आमी!”

“दिवा बटणावर लागते. पायाचा अन् त्याचा काई संबंध नाई.”

मुखरूचा चेहरा पडला. पण एवढ्या बायांसमोर पडलेला चेहरा पुरुषाला लगेच उचलावा लागतो. “हिचं काई ऐका नोका. रात्री झोप नाई झाली तिची.”

“पोरीले ठेवाचं असन तं ठेव घरी,” टोळीतली रीता आतून टोचून बोलली. “आमचा रोवणा काऊन बुडवून राह्यली?”

इंदुताई मात्र उठली. ती उतरली आणि बटणाकडे वाकून पाहून आली. “मुखरूभाऊ, खरं हाय का?”

“बटण हाय. पण ब्रेक बी हाय!” मुखरू उसळला. “उतरा, दाखवतोच. दगड काढा अन् मागून ढकला. मी ब्रेक दाबून धरतो. हालली तं नाव सांगणार नाई. मयुरी, काढ वो दगड.”

बायांना गंमत वाटली. पटापट उतरल्या, मागे खांदे लावले. मयुरी पुढच्या चाकाशी वाकली. मुखरूने दोनतीनदा पाय मारून पेडल घट्ट केलं. मयुरीने दगड ओढून उचलला आणि तिथेच उभी राहिली. बायांनी जोर लावला. जीप हलली नाही.

“पाह्यलं?” मुखरू ओरडला. बाया हसल्या. रीताने कांताकडे बघून नाक उडवलं. सगळ्यांनी हात काढले. कोणी पदर सारखा करू लागलं, कोणी डबा शोधू लागलं.

आणि कोणीच ढकलत नसताना जीप चालू लागली.

अगदी हळू. मुखरूचा पाय पेडलवर होता आणि पेडल त्याच्या पायाखाली सावकाश बुडत होतं, गाळात पाय रुतावा तसं. मागे दिवा लाल जळत होता, कारण त्याचं बोटही बटणावर घट्ट होतं. समोर मयुरी पोटाशी दगड धरून एकेक पाऊल मागे सरत होती. बाजूला व्हायचं तिला सुचत नव्हतं. तिच्या पाठीमागे तलाव होता.

“मयुरी! फेक तो दगड! बाजूले हो!”

कांता धावली तिच्याकडे. इंदुताईने मागची फळी पकडली. तिच्या मागोमाग सगळ्यांनी पकडली, मागे रेलून, टाचा मातीत रोवून. दिवसभर चिखलात वाकणाऱ्या बाया त्या, सहजी पाय सोडणाऱ्या नव्हेत. तरी जीप त्यांना ओढत नेऊ लागली. पाळीवर टाचांच्या लांब रेघा उमटल्या.

“मुखरू, गिअर टाक! गिअर!” इंदुताई किंचाळली. भाऊ म्हणायचं राहून गेलं.

कांताने मयुरीच्या दंडाला धरून तिला बेशरमाच्या झुडपात ओढलं. दोघी पडल्या. चाक मयुरीच्या चपलेवरून गेलं. आत लोखंड कर्रकन ओरडलं, जीपने एक आचका दिला आणि ती थांबली. पुढची दोन चाकं पाण्यात होती.

बाया फळी सोडेनात. मग रीताने एकेक बोट करत हात सोडवला.

इंदुताई जंगलाच्या रस्त्याकडे बघत होती. “काल नाल्याच्या उतारावर,” ती म्हणाली, “टिप्पर पुढं होता आपल्या.” काल पेडल असंच बुडालं असतं तर? सगळ्याजणी त्या टिप्परमागे होत्या, त्यामुळे सांगायची गरज नव्हती. मयुरी पायातली एकच चप्पल काढून हातात घेऊन उभी होती.

कांता उठून मुखरूपाशी गेली. त्याने बोट बटणावरून काढलं होतं, पण उजवा पाय तसाच दाबलेला, मांडी दगडासारखी ताठ.

“सोडा आता,” ती म्हणाली.

“सोडलं तं जाईन गाडी.”

“गिअरात हाय. कुठी नाई जात.”

त्याला ऐकू गेलं, पण पाय ऐकेना. कांता पाण्यात उतरून वाकली, दोन्ही हातांनी त्याची टाच धरली आणि झोपलेल्या लेकराचं पाऊल पांघरुणात घ्यावं तसा तो पाय पेडलवरून उचलून घेतला.